मधमाशी तीनदा

पूजेतली पितळी घंटी, मुठीत मावेल एवढी.

बोटभर काळी चिकटपट्टी.

"चार." हे मी निळ्या शाईनं लिहिलं होतं आणि खाली रेघही मारली होती.

छताला भोक कुठे पाडायचं, यावर तीन शिकलेल्या माणसांनी सव्वा वर्ष घालवलं.

पुण्यात वाकडच्या अकराव्या मजल्यावर खिडक्या लावून घेतल्या की बाहेरचं काहीही ऐकू येत नाही. बिल्डरनं जाहिरातीत हेच छापलं होतं.

मधमाशी चोवीस सेकंद उडते.

*

"चोपडे, चपला बाहेर. आणि तो खोका गालिच्यावर ठेवू नकोस."

चौदा वर्षांनी हेरवाडकर सर माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ही आठ वर्षांपूर्वीच्या एका रविवारची गोष्ट. गाव सांगली. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि मी त्यांच्याच हाताखाली कसाबसा बी.एस्सी. होऊन निनाद ऑडिओ नावाच्या दुकानात लोकांच्या घरी होम थिएटर बसवत होतो. आडनाव त्यांच्या लक्षात होतं. मला आधी बरं वाटलं. मग कळलं की दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं.

घरात थिएटर करणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. आजही आवडत नाहीत, आणि माझं पोट त्यांच्यावरच चालतं. ह्यांच्या बायका शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून मालिका बघतात आणि हे अंधारात बसून काचेचा पेला डावीकडे फुटला की उजवीकडे, यावर हुज्जत घालतात. गाणं ऐकत नाहीत, सिनेमा बघत नाहीत. पेला ऐकतात. दोन लाखांचा पेला.

सरांचं मंडळ तिघांचं. दुसरे डॉक्टर बिरनाळे, दातांचे. आयुष्यभर ड्रिलच्या आवाजात राहिलेला माणूस स्वतःला नाजूक कानांचा समजत होता. तिसरे गुळवणी वकील. त्यांना प्रत्येक गोष्टीत दोन बाजू दिसायच्या, आणि दोन्ही बाजूंची फी घेतल्यासारखे ते बोलायचे.

भांडण होतं ते वरच्या चार स्पीकरांवरून. खाली जमिनीवरचे स्पीकर जागच्या जागी होते. पण आवाज डोक्यावरूनही यायला हवा, त्याशिवाय हल्ली थिएटर म्हणत नाहीत. त्याचे बाजारात तीन प्रकार. डॉल्बी अ‍ॅटमॉस म्हणतं, वरचे स्पीकर छतात बसवा. ऑरो म्हणतं, भिंतीवर उंच लावा आणि जमलं तर एक बरोबर टाळूच्या वर टांगा. डीटीएस एक्स म्हणतं, तुम्हाला जिथे सोयीचं असेल तिथे ठेवा, मी जुळवून घेतो. डॉक्टर अ‍ॅटमॉसचे. वकील ऑरोचे. सर म्हणत, "कानानं ठरवू. नाव झाकून." म्हणून सव्वा वर्ष छताला हात लागला नव्हता. आता एकदाच काय तो निकाल लावायला त्यांनी मला बोलावलं होतं. मी चार स्पीकर उंच स्टँडवर चढवून आणले होते. तिन्ही प्रकारांत भरलेली एकच फीत असलेली डिस्कही आणली होती: एक मधमाशी मागच्या भिंतीपासून निघते, डोक्यावरून दोन घिरट्या घेते आणि पुढच्या खिडकीतून निघून जाते.

खरं सांगायचं तर तिन्हींत फरक असतो. थोडा. स्पीकर जागेवर असतील, आवाजाची पातळी मोजून सारखी केली असेल, आणि ऐकणारा गप्प बसला असेल तर कळतो. यातलं तिसरं कधीच होत नाही. दुकानात आम्ही एक करतो: जो प्रकार विकायचा असेल त्याचा आवाज केसभर वाढवतो. गिऱ्हाईक म्हणतं, "वा, याच्यात खोली आहे." खोली नसते, आमचा अंगठा असतो.

*

अकराच्या सुमाराला मंडळ जमलं. सरांचा मुलगा शिरीष आदल्या दिवशीच पुण्याहून आला होता. जिलेबीची पिशवी हातात घेऊन तोही येऊन बसला. बसल्या बसल्या त्यानं विषय काढला. मी वायरी आवरत होतो. वायरी आवरणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात.

"बाबा, मंगळवारी आईनं चार वेळा घंटी वाजवली. शेजारच्या मावशींनी ऐकली. तुम्ही गेला नाहीत."

काकू आतल्या खोलीत होत्या. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि वाचाही. त्यांच्या डाव्या हाताशी ती पूजेतली घंटी ठेवलेली असे. घंटी वाजली की सर उठत. पाणी, औषध, कूस बदलणं, सगळं सर करत. बाई ठेवायला त्यांनी दोनदा नकार दिला होता.

"पंप चालू होता," सर म्हणाले.

"पंप. गेल्या महिन्यात मिक्सर होता."

"मिक्सरही होता."

"बाबा, तुम्ही बहात्तरचे आहात. ऐकू कमी येणं हा काही गुन्हा नाही. पण आई पडली तर? वाकडला खोली तयार आहे. लिफ्ट आहे, नर्स आहे."

"ती पहिल्यांदा पंचवीस पायऱ्या चढून या घरात आली ना, तेव्हापासून तिला खिडकीतलं ते बकुळीचं झाड लागतं. वाकडला काय दिसेल तिला? लिफ्ट?"

डॉक्टर बिरनाळे जिलेबी चोखत म्हणाले, "शिरीष बरोबर बोलतोय हो, सर. कान हा वयाचा भाग आहे. माझ्याकडे पेशंट येतात ना, दात काढला तरी ओरडत नाहीत. कारण त्यांना स्वतःचंच ओरडणं ऐकू येत नाही."

"याचा तुझ्या डॉक्टरकीशी काही संबंध आहे का?" वकिलांनी विचारलं.

"संबंध नाही. अनुभव आहे."

सर हसले नाहीत. त्यांनी शिरीषकडे बघितलं. वर्गात कोणी उत्तर पाठ करून आलं की ते असं बघायचे.

"तुला माझे कान तपासायचेत?"

"मी असं म्हटलं नाही."

"म्हणालास. हे बघ, हा चोपडे आज तीन प्रकार लावणार आहे. नाव झाकून. मी फरक ओळखला, तर वाकडचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. नाही ओळखला, तर तू म्हणशील त्या तारखेला मी प्रभाला घेऊन येतो. साक्षीला वकील आहेत."

"बाबा, याला काही अर्थ नाही."

"अर्थ आहे. मोजमाप आहे. तुझं आपलं म्हणणं आहे."

शिरीषनं जिलेबीच्या पिशवीला गाठ मारली. मग म्हणाला, "ठीक आहे. पण नंतर पंप नाही, मिक्सर नाही."

"नाही."

गुळवणी वकिलांनी तांब्या सरकवला आणि म्हणाले, "दोन्ही पक्षांनी मान्य केलं. चला चोपडे, होऊ द्या."

*

मी अ‍ॅम्प्लिफायरच्या काचेवर चिकटपट्टी लावली. त्या काचेवर चालू प्रकाराचं नाव उजळतं, म्हणून पट्टी. प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या दिल्या: अ, ब, क. शिरीष म्हणाला, मला नको, मला यातलं कळत नाही. त्या खोलीत त्या दिवशी एवढं खरं आणखी फक्त एकच माणूस बोलला.

पडदे ओढले. पंखा बंद केला. आतल्या खोलीचं दार सरांनी हात लावून फटीएवढं उघडं ठेवलं.

"अ," मी म्हणालो आणि बटण दाबलं.

मधमाशी मागून निघाली. डॉक्टरांनी मान वर केली, वकिलांनी डोळे मिटले. सर मात्र खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे पालथे ठेवून, पुढे बघत, पुतळ्यासारखे बसले होते. चोवीस सेकंद.

"आता ब. बदलायला जरा वेळ लागेल." मी अ‍ॅम्प्लिफायरपाशी वाकून दोन बटणं दाबली, थांबलो, पुन्हा एक दाबलं.

मधमाशी.

"आणि क."

मधमाशी.

पडदे उघडल्यावर डॉक्टर इतके खूष होते की त्यांना चिठ्ठी वाचून दाखवायचा धीर निघेना. "काय सांगू! अ म्हणजे सपाट. ब मध्ये हवा आहे. आणि क मध्ये, आई शप्पथ, मधमाशी नुसती उडत नाही, विचार करते."

"काय विचार करते?" वकील.

"ते कसं सांगणार? पण करते."

"मी सांगतो," वकील चिठ्ठी लांब धरत म्हणाले. "अ मध्ये ती माझ्या डोक्यावरून गेली. ब मध्ये टकलावर बसली. क मध्ये ती छपराच्या वर होती. अंगावर काटा आला. बघा, अजून आहे." त्यांनी बाही वर केली. हातावर काटा नव्हता. जिलेबीचा पाक होता.

"ब म्हणजे ऑरो," वकील पुढे म्हणाले. "लिहून घ्या."

"क अ‍ॅटमॉस. माझे शब्द लक्षात ठेवा."

मी मान हलवत राहिलो. दोघेही मला त्या क्षणी इतके तुच्छ वाटले की एखाद्यावर प्रेम बसावं तसा माझा त्यांच्यावर तिरस्कार बसला. मी वाट बघत होतो ती मात्र तिसऱ्या माणसाची. त्याच्याच साठी तर मी सकाळपासून एवढं केलं होतं.

सरांनी तिन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या होत्या. त्यांनी त्या वाचून दाखवल्या नाहीत. मला दिल्या.

तिन्हींवर एकच ओळ होती. बारीक, सरळ, प्रयोगवहीत लिहायचे तशी. "फरक आढळला नाही."

"सर?" डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली आणि त्यांचा चेहरा दवाखान्यातला झाला. "सर, अहो, क तर आंधळ्याला दिसेल असा होता."

"मला नाही दिसला."

"पुन्हा ऐका हवं तर."

"तीनदा ऐकलंय."

शिरीष उठून खिडकीशी गेला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा त्याला दाखवायचा नव्हता, एवढी सभ्यता त्याच्यात होती. वकील एकदम मऊ आवाजात म्हणाले, "हेरवाडकर, वय होतं हो सगळ्यांचं. माझं बघा, गुडघे." आणि ते स्वतःच्या गुडघ्यांची माहिती देऊ लागले.

सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे वळले.

"चोपडे, एक विचारतो. मी कॉलेजात मुलांना नादकाट्यांचा प्रयोग द्यायचो. दोन काटे वाजवायचे, थोडे वेगळे असतील तर आवाज मंद-मोठा होतो, ठोके पडतात. ते ठोके मोजायचे. आठवतंय?"

"आठवतंय, सर."

"पण वर्षातून एकदा मी मुद्दाम दोन्ही काटे अगदी सारखे द्यायचो. सारख्या काट्यांचे ठोके पडतच नाहीत. शून्य. ज्याला ऐकायला येतं तो शून्य लिहितो. ज्याला फक्त मार्क हवे असतात तो काहीतरी आकडा लिहितो." आता ते हसले. "एका वर्षी एका गाढवानं तर चार लिहिलं होतं. खाली रेघ मारून! मी वर्गात ती वही वाचून दाखवली. म्हटलं, बघा, यांचे कान इतके तीक्ष्ण आहेत की नसलेलंही ऐकू येतं. काय हसली पोरं. आता नाव आठवत नाही त्याचं."

डॉक्टर हसले. वकीलही हसले.

त्या वहीनंतर दोन वर्षं कँटीनमध्ये मी चहा मागितला की पोरं विचारायची, "किती? चार?" माझ्या सायकलच्या सीटवर कुणीतरी खडूनं चार लिहायचं. शेवटच्या वर्षाच्या निरोपाच्या कार्यक्रमात मला चार पेढे दिले. आता मी सरांच्या डोळ्यांत बघत होतो. तिथे काहीच नव्हतं. मी गाढव म्हणून लक्षात होतो, माणूस म्हणून नव्हतो.

"तसं तर काही केलं नाहीस ना?" सरांनी विचारलं. "तिन्ही वेळा एकच लावलंस?"

शिरीष खिडकीतून वळला.

मी फार सोपं उत्तर देऊ शकलो असतो. त्यासाठी पट्टी काढायचीसुद्धा गरज नव्हती. हो म्हणायचं होतं.

"नाही, सर," मी म्हणालो. "तीन वेगळी होती. अ डीटीएस एक्स, ब ऑरो, क अ‍ॅटमॉस."

"मी म्हटलं नव्हतं का!" डॉक्टर ओरडले. वकिलांनी त्यांच्या मांडीवर थाप मारली. दोघांचंही बरोबर आलं होतं. ते मी तसंच येऊ दिलं.

सरांनी एकदा अ‍ॅम्प्लिफायरकडे बघितलं. उठून पट्टी काढावी असं त्यांच्या मनात आलं असेल. पण समोरच्या माणसानं वाचन सांगितलं की ते मानायचं, अशा शिस्तीतला तो माणूस. प्रयोगशाळेत खोटं वाचन देणाऱ्याला त्यांनी आयुष्यभर झोडपलं. आपल्याला तोंडावर कुणी ते देईल हे त्यांना सुचलं नाही.

"मग माझे कान गेले," ते म्हणाले. कुणालाही उद्देशून नाही. "बरं झालं कळलं. शिरीष, तारीख सांग."

"बाबा, आज लगेच नको—"

"शब्द दिलाय ना मी? तारीख सांग."

*

छताला भोक पडलंच नाही. महिन्याभरानं मीच ते सगळे स्पीकर सोडवायला गेलो. डॉक्टर बिरनाळ्यांनी विकत घेतले, अ‍ॅटमॉससाठी. ट्रक खाली उभा होता. काकूंना खुर्चीत बसवून चौघांनी पंचवीस पायऱ्या उतरवलं. त्यांच्या मांडीवर ती घंटी होती. पायरीपायरीवर ती आपोआप वाजत होती, आणि सर दर वेळी थांबून विचारत होते, "काय हवं?" मग स्वतःच म्हणत होते, "नाही, हलल्यामुळे वाजली."

जाताना त्यांनी मला कानाचं नवीन यंत्र दाखवलं. "शिरीषनं आणलंय. फार खरखर होते रे यात. सगळं मोठं ऐकू येतं, आणि काहीच कळत नाही."

"सवय होईल, सर."

वाकडला नर्स होती. घंटीची गरज उरली नाही. काकू तिथे पाच महिने जगल्या. हे मला गुळवणी वकिलांनी सांगितलं, कोर्टाच्या आवारात, पेरू खाता खाता. त्यानंतर सरांनी रेडिओसुद्धा लावला नाही, असंही ते म्हणाले. "कान गेल्यावर काय लावणार? पण माणूस सच्चा. त्या दिवशी आम्ही कसं काहीतरी ठोकून दिलं, तसं त्यांनीही ठोकून दिलं असतं तर?" बी थुंकून ते हसले. "तुम्हाला म्हणून सांगतो, मला तरी कुठे काय कळलं होतं!"

मी त्यांना हसून दाद दिली. पेरूचे पैसेही मीच दिले.

माझा बेत साधा होता. तिन्ही वेळा डिस्कवरचा एकच पर्याय लावायचा, त्याच आवाजाला. तो लावलाही. अंगठासुद्धा आवाजाच्या बटणावर ठेवला नव्हता. तिघं फरक सांगतील, मग मी पट्टी काढेन आणि म्हणेन, बघा, यांचे कान इतके तीक्ष्ण आहेत. वाक्यही पाठ केलं होतं. फक्त सरांनी शून्य लिहिलं. घर पणाला लागलेलं असताना त्या माणसानं शून्य लिहिलं.

दुकानात आता माझ्या हाताखाली तिघे आहेत. डेमोला मी स्वतः बसत नाही. मधमाशीची ती डिस्क कपाटात आहे. गिऱ्हाइकं आजही विचारतात, तिन्हींत चांगलं कोणतं? मी सांगतो, तुमच्या कानाला पटेल ते. ते खूष होतात. त्यांचा स्वतःच्या कानांवर फार विश्वास असतो.

त्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता, मंडळ यायच्या आधी, शिरीष जिलेबी आणायला गेला असताना, मी आणि सर त्या खोलीत दोघेच होतो. आतलं दार बंद होतं, पंखा चालू होता, मी स्टँडचे स्क्रू पिळत होतो, आणि सर एकदम उठून म्हणाले, "प्रभा बोलावते आहे," आणि आत गेले. त्यांनी दार उघडेपर्यंत मला घंटी ऐकू आली नव्हती.